गेटवरची खुर्ची आणि पुंजाजीची फुंकर

पुंजाजी वानखडे उभ्या आयुष्यात एकही परीक्षा धड पास झाला नव्हता, त्यामुळे या परीक्षेत नापास व्हायला त्याला कोणाच्या बापाची भीती नव्हती!

परीक्षा फुंकायची होती. अमरावतीहून डॉक्टरीणबाई एक यंत्र घेऊन अकोल्याच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकीतून रुई काढायच्या कारखान्यात, आल्या होत्या. त्यात फुंकलं की श्वासातल्या कुठल्याशा वायूवरून छातीत सूज किती, ते यंत्र आकड्यात सांगणार. आकडा मोठा, तर सूज मोठी. आणि मालकानं जाहीर केलं होतं, ज्याचा आकडा सगळ्यात मोठा त्याला रुईच्या धुळीतून काढून गेटवर बसवू. गेटवर खुर्ची होती, पंखा होता आणि मुख्य म्हणजे हवा होती.

पुंजाजीला ती हवा हवीच होती. मिसरूड फुटल्यापासून तो इथं कापूस लोटत आला. आता दोन पायऱ्या चढल्या तरी छाती भात्यासारखी वाजायची. झोपसुद्धा भिंतीला टेकून, बसल्या बसल्या.

आदल्या दिवशी बाईंनी सगळ्यांना बजावलं, "उद्या फुंकायच्या आधी बिडी ओढू नका. पालक, बीट खाऊ नका. त्यानं आकडा बदलतो."

बदलतो म्हणजे कोणीकडे बदलतो, हे विचारायची पुंजाजीला गरज वाटली नाही. देवानं अक्कल कशाला दिली आहे?

"बिडीनं छाती सडते, हे बंडलावरच छापेल रायते ना वं?" घरी आल्या आल्या त्यानं बायकोला, पार्बताबाईला सांगितलं. "म्हंजे बिडी ओढली का आकडा चढला! म्हनूनच नाई म्हनून राह्यले. मालकाची चाल हाय ही!"

"अन् पालक काहून नाई खायचा?"

"पालकानं तब्येत सुदरते. तो आपन महादेवरावले खाऊ घालू!"

महादेवराव हा जिनिंगमधल्या शेजारच्या यंत्रावरचा गडी. अंगानं रेड्यासारखा, पण धूळ दिसली की चार शिंका द्यायचा आणि तेवढ्या भांडवलावर खुर्चीवर डोळा ठेवून होता.

पार्बताबाईनं नवऱ्याची बंडलं वर्षानुवर्षं चुलीत घातली होती. लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावून नवऱ्याची बिडी सोडवली होती. तीच बाई त्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन टपरीवर गेली आणि बंडल मागून आली. लाजेनं मेल्यासारखं झालं तिला. पण नवरा नीट श्वास घेईल म्हटल्यावर ती आणखी काय करणार होती?

सकाळी पुंजाजीनं नाल्याकाठी बसून बिड्यांवर बिड्या ओढल्या. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, तरी गडी खूश! मग तोंडात मूठभर ओवा कोंबला. जिनिंगमध्ये कापसाचे डोंगर. बिडीचा नुसता वास आला तरी माणसाला तिथल्या तिथं कामावरून काढत. आत जाऊन त्यानं महादेवरावपुढे डबा उघडला.

"पातळ भाजी हाय पालकाची. बायकोनं खास तुमच्यासाठी देली."

"बाप्पा! मॅडम तं नाई म्हने ना?"

"खा हो, कोन पाह्यते!"

महादेवरावनं डबा चाटूनपुसून परत दिला.

यंत्राच्या पडद्यावर एक ढग होता. एकसारखं फुंकून तो मधोमध ठेवायचा. महादेवरावनं एका दमात ठेवला. आकडा असा चढला की बाईंनी यंत्राला टिचकी मारून पाहिली!

"तुम्ही पालक खाल्लात का?"

"पालकाले मी शिवतच नाई, मॅडम," महादेवराव हसला. दातात हिरवं पान होतं. बाई पुढं काही म्हणायच्या आत मॅनेजरनं आकडा लिहून टाकला.

मग पुंजाजी. फुंकलं की खोकला, खोकला की ढग खाली.

"चूल फुंकल्यावानी फुंक!" मागून गडी ओरडले. शेवटी डोळे पांढरे करून एकदाचं जमलं.

आकडा सगळ्यात लहान!

"काका," बाईंनी हळूच विचारलं, "बिडी ओढलीत का? बिडीनं हा आकडा खाली येतो. खरं सांगा, मी पुन्हा घेते."

पुंजाजीच्या पायाखालची जमीन सरकली.

"बिडी?" मॅनेजर गरजला. "कोनं ओढली? आत्ताच्या आत्ता घरी धाडतो!"

पुंजाजीनं एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा मॅनेजरकडे.

"नाई मॅडम. मी हातबी नाई लावत."

"नुसत्या या आकड्यावर जाऊ नका," बाई मॅनेजरला म्हणाल्या. "यांची छाती मला इथवर ऐकू येतेय. बाकीच्या तपासण्या करा."

"पुढच्या हंगामात पाहू! येवढी महागाची मशीन खोटी बोलंन काय?"

खुर्ची महादेवरावला मिळाली. वर कंपनीनं त्याला श्वासाचा पंपही घेऊन दिला. आणि पुंजाजीला? मालक म्हणाला, एवढी निरोगी छाती फुकट कशाला घालवायची! जिनिंगची सगळी धूळ जिथं येऊन पडते, त्या खोलीत कोणी टिकत नव्हतं. तिथं पुंजाजीला उभं केलं. संताप येतो, पण सांगायचा कोणाला? मशीनला?

पुढच्या आठवड्यात महादेवराव त्या खोलीच्या दारात आला. नाकाला रुमाल होता.

"पुंजाजी, हा पंप घे बुवा. मले त्याचं काई कामच नाई पडत."

पुंजाजीनं तो तोंडाला लावला, तेवढ्यात मागं मॅनेजर!

"काहून रे? तुही छाती तं नंबर एक! पंप कोनाचा?"

"महादेवरावचा हाय, साहेब," पुंजाजीनं तो झटकन सदऱ्याखाली घातला. "धूळ लागू नये म्हनून सांभायून राह्यलो."

मॅनेजरनं मान डोलावली. "शाब्बास! औषधाले धूळ लागू द्याची नाई," म्हणाला आणि बाहेरून दार ओढून घेत निघून गेला.