चष्मेवाल्यांचा झेंडा

गावाच्या टोकाला, लाकडाच्या वखारीमागे, एका छोट्या फुटबॉल क्लबचं मैदान होतं. क्लब इतक्या खालच्या गटात खेळायचा की त्याच्याखाली आणखी एकच गट शिल्लक होता. बसायला फळ्यांच्या सहा पायऱ्या, त्यांवर फार तर दीडशे माणसं, आणि तिसऱ्या पायरीच्या कडेला दर शनिवारी ठरलेले चष्मेवाले. बाजारात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. बावीस वर्षांत घरच्या मैदानावरचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नातून हात धुऊन ते थेट मैदानावर आले होते, आणि ते सासरी अजून कोणी विसरलेलं नव्हतं.

"ऑफसाइड मला शोधावा लागत नाही," ते सांगायचे, "तो आपण होऊन मला दिसतो."

कडेच्या रेषेवरच्या लाइनमनने ऑफसाइडचा झेंडा वर केला की ते उभे राहायचे आणि ओरडायचे, "उद्या दुकानात या, नंबर तपासून देतो!" मग सगळ्या पायऱ्या हसायच्या आणि बायको त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवायची.

या मोसमात एक भर पडली होती. त्यांचा जावई संघात आघाडीला खेळायला लागला होता. मुलगा गुणी, पायात वेग चांगला, पण सबंध मोसमात त्याने एकही गोल केला नव्हता. मुलगी दर सामन्याला येऊन पहिल्या पायरीवर मुठी आवळून बसायची. आता शेवटचा सामना होता. जिंकले तर गटात टिकणार, नाही तर खाली जाणार. मध्यंतरापर्यंत दोन्ही बाजू शून्यावर होत्या.

मध्यंतरातच लाइनमनचा पाय मुरगळला. क्लबचे चिटणीस पायऱ्यांसमोर येऊन म्हणाले, "नियम येणारं कोणी आहे का?"

दीडशे बोटं एकाच दिशेला वळली.

"अहो, जाऊ नका," बायको म्हणाली.

"अगं, बावीस वर्षं बसून तेच तर करतोय. आता उभं राहून करायचं, एवढंच."

"जावई खेळतोय तुमचा."

हाच मुद्दा पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकाने काढला असता, तर बरं झालं असतं. पण त्याच्या नाकावरचा चष्मा यांच्याच दुकानातला होता. तो म्हणाला, "यांना ओळखतो मी. माणूस सरळ आहे."

लाइनमनचा काळा सदरा चष्मेवाल्यांच्या पोटावर येऊन अडला. तसाच तो ओढत ते रेषेवर गेले आणि पाचच मिनिटांत त्यांना एक गोष्ट कळली. पायरीवर बसल्यावर सामना आपल्यासमोर येतो. रेषेवर मात्र सामन्यामागे धावावं लागतं, आणि धावताना काहीही दिसत नाही. मैदान वरखाली होत होतं. घामाने चष्मा घसरत होता. तो घसरला की खेळाडूंचे नुसते रंगीत ठिपके उरत. डाव्या हाताने चष्मा सावरायचा आणि उजव्या हातात झेंडा धरायचा, असा हिशेब त्यांनी बसवला. तो बराच वेळ चाललाही. वीस मिनिटं त्यांनी झेंडा वरच केला नाही, आणि लोकांना वाटलं, किती संयम आहे!

शेवटची पाच मिनिटं राहिली असताना मागून एक लांब पास आला. जावई सुटला. चष्मेवालेही त्याच्याबरोबर सुटले. पोटावरचा सदरा वर सरकला, म्हणून डावा हात तिकडे गेला. त्याच क्षणी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, आणि तो सावरायला त्यांनी मोकळा हात वर नेला. मोकळा हात म्हणजे उजवा, झेंड्याचा.

शिट्टी वाजली. पुढच्याच क्षणी चेंडू जाळ्यात गेला.

मुख्य पंच बाई एरवी दातांच्या डॉक्टर. त्या शांतपणे चालत आल्या आणि कुठला दात दुखतो हे विचारावं तशा सुरात म्हणाल्या, "ऑफसाइड?"

चष्मेवाल्यांनी चष्मा नीट बसवला. समोर जावई कमरेवर हात ठेवून उभा होता. पहिल्या पायरीवर मुलगी उभी होती. 'हो' म्हणणं अगदी सोपं होतं. घशापर्यंत ते आलंही होतं.

"नाही," ते म्हणाले. "म्हणजे, माहीत नाही. मला काही दिसलंच नाही. मी चष्मा सावरत होतो."

"गोलाच्या आधी शिट्टी वाजलीय. आता गोल देता येत नाही," बाई म्हणाल्या, आणि चेंडू मागवून त्यांनी खेळ पुन्हा सुरू केला.

हा हा म्हणता बातमी सगळ्या पायऱ्यांवर पोचली. पुढची पाच मिनिटं चष्मेवाल्यांनी जे ऐकलं, त्यातलं घरी सांगण्यासारखं काही नव्हतं. सामना शून्य-शून्य सुटला. क्लब खालच्या गटात गेला.

माणसं निघून गेली तरी ते रेषेजवळ गवतावर बसून होते. जावई आला आणि बूट सोडत शेजारी टेकला.

"चुकलो मी," चष्मेवाले म्हणाले. "तुमचा पहिला गोल गेला."

"बाबा," जावई खालच्या आवाजात म्हणाला, "मी ऑफसाइडच होतो."

"किती?"

"पास सुटला तेव्हा शेवटच्या बचावपटूच्या दोन पावलं पुढे असेन. कळलं होतं मला. तरी पळालो." त्याने बुटाची नाडी बोटाला गुंडाळली. "मी सगळ्यांना सांगून टाकतो."

चष्मेवाल्यांनी फाटकाकडे पाहिलं. तिथे मुलगी नवऱ्याची पिशवी खांद्याला लावून उभी होती. बापाकडे तिची पाठ होती. शेजारच्या बाईला ती हात नाचवून सांगत होती, की हा गोल शंभर टक्के खरा होता आणि हे सगळ्या जगाला दिसलं होतं, एका माणसाला सोडून.

"नका सांगू," ते म्हणाले. "मला लोक दोन दिवस बोलतील आणि विसरतील. ती तुम्हाला जन्मभर ऐकवेल. तिच्या आईबरोबर मी तीस वर्षं काढलीत, मला ठाऊक आहे."

जावयाने हात देऊन त्यांना उठवलं. त्या गोष्टीला आता तीन मोसम झाले. क्लब अजून खालच्याच गटात आहे, आणि मुलगी आईला फोन करते तेव्हा 'बाबांना दे' असं अजून म्हणत नाही.