शालिकभाऊजींच्या कॉम्प्युटरची धाप

आमचे शेजारी शालिकभाऊजी कॉम्प्युटरच्या डोक्यावर ओल्या कपड्याची पट्टी ठेवतात. थट्टा नाही करत, माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. टेबलाखालचा तो पत्र्याचा डबा तापला की आधी त्याच्यावर तळहात ठेवतात, मग उलटा हात ठेवतात, मग तोंड बारीक करून सांगतात, "वहिनी, आज याले कणकण वाटून राहिली." मग जुन्या धोतराचा तुकडा ओला करायचा, घट्ट पिळायचा आणि डब्यावर ठेवायचा. माझ्या नवऱ्याला डेंगू झाला होता तेव्हा मीही इतक्या मायेनं पट्ट्या ठेवल्या नव्हत्या.

आम्ही सानगडीचे. मी घरी ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. माझ्या भिंतीला लागून भाऊजींचा स्टुडिओ. पूर्वी ते लग्नांत लाऊडस्पीकर लावत. मग मोठमोठे डीजे आले आणि भाऊजींचे भोंगे माळ्यावर गेले. पोरगा कॅनडाला नोकरीला निघाला, तेव्हा जाता जाता बापाला हा कॉम्प्युटर घेऊन दिला, त्यात गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं, आणि भाऊजी बसल्या जागी संगीतकार झाले.

स्टुडिओ म्हणजे त्यांची धान ठेवायची खोली. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना पार छतापर्यंत धानाची पोती रचलेली. भाव आला, सगळ्या गावानं धान विकला. भाऊजींनी नाही विकला. "धान गेला का खोली घुमते," म्हणे. अगदीच नड आली तर दाराजवळची दोन-चार पोती काढतात आणि मग आठवडाभर कुरकुरतात की ढोलकी पातळ वाजून राहिली. उंदरांना मात्र हा स्टुडिओ चांगलाच मानवला आहे.

तर या स्टुडिओत एक रोग शिरला. गाणं रंगात आलं की मधेच "खट्!" व्हायचं आणि आवाज तुटायचा. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक बारीक पट्टी असते, कॉम्प्युटरवर किती भार पडला ते दाखवणारी. ती हिरवी असली की भाऊजी खुश. लाल झाली की ओरडलेच, "थांबा! याले धाप लागली!" मग गाणारा थांबे, वाजवणारा थांबे, आणि आम्ही सगळे त्या डब्याचा श्वास खाली बसायची वाट पाहत बसू.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, त्या दिवसांतली गोष्ट. भाऊजींची मोठी बहीण वच्छलाबाई. सगळं गाव त्यांना नुसतं बाई म्हणतं. भाऊजींची बायको वारली तेव्हापासून बाईच त्यांना करून घालत होत्या. पण बाईंचे गुडघे गेले, आणि रायपूरच्या लेकीनं हट्ट धरला की आई आता कायमची माझ्याकडे. रविवारी जावई गाडी घेऊन येणार होते.

बाईंजवळ रोवण्याचं, म्हणजे धान लावणीचं, एक गाणं आहे. चिखलात वाकून धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावता लावता म्हणायचं, लांबलचक. आम्हा बायांना त्याचं धृपद तेवढं येतं. पुरं गाणं एकट्या बाईंजवळ. त्या गेल्या की गाणंही गेलं. म्हणून रविवारच्या आत ते रेकॉर्ड करायचं ठरलं. भाऊजींनी ढोलकी आधीच वाजवून ठेवली होती. ती हेडफोनात ऐकत बाईंनी म्हणायचं आणि मागून मी धृपद धरायचं. मंडईच्या ब्लाउजांनी माझं घर भरलं होतं, तरी मी हो म्हटलं. बाईंना नाही कोण म्हणणार?

पहिल्याच कडव्यात खट्!

आता याचा इलाज भाऊजींना ठाऊक नव्हता असं नाही. हिंदी व्हिडिओ पाहून पाहून त्यांना सगळं पाठ होतं. मलाही त्यांनीच समजावलं. कॉम्प्युटर आवाज घेतो, जरासा साठवतो आणि मग पुढे ओततो. त्या साठवणीला बफर म्हणतात. साठवायचं भांडं लहान असलं की त्याची धांदल उडते आणि खट् होतं. भांडं मोठं केलं की खट् जातं. फक्त गाणाऱ्याच्या कानात त्याचाच आवाज जरा उशिरा येतो. भाऊजींचं भांडं चौसष्टवर होतं, पार लहान. मोठं करायला एक बोट पुरे. पण मी विषय काढला की भाऊजी दोन्ही हात जोडत, "वहिनी, बफर सोडून बोला!"

मग काय, बफर सोडून बाकी सगळं झालं. आधी इंटरनेट काढलं. मग व्हायरसवर पहारा देणारं सॉफ्टवेअर हाकललं. मग आवाजावर चढवलेला देवळातल्यासारखा घुमारा उतरवला. हे मला पटलं, कारण भाऊजींनी तो स्वतःच्या खोकल्यावरही चढवून पाहिला होता. तरी खट्. मग संशय खोलीबाहेर निघाला. घरचा फ्रिज बंद केला, दूध नासलं. मग माझ्या शिलाई मशीनवर नजर गेली.

"तुमच्या मोटरनं लाइन हालते, वहिनी."

"भाऊजी, माझ्या मशीनवर माझं घर चालते. तुमच्या पट्टीवर नाही चालत!"

तरी केली बंद, बाईंकडे पाहून. दुसऱ्या दिवशी भाऊजी थेट राइस मिलवर गेले आणि मालकाला म्हणाले, "मिल जरा हळू चालवता का? बाई गाऊन राहिली." मालक अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सांगतो आणि पोट धरून हसतो.

मग अर्थिंग. अंगणात खड्डा खणला, त्यात कोळसा घातला, मीठ घातलं, तार पुरली. अर्थिंग ओलं राहायला पाहिजे म्हणून भाऊजी रोज सकाळी अंघोळ करून त्या खड्ड्याला तांब्याभर पाणी घालू लागले. समोरच्या घरची नवी सून एक दिवस तिथे हळद-कुंकू वाहून गेली. आता बोला!

शनिवारी तर हद्द झाली. थंडीनं हातपाय गारठलेले, आणि भाऊजींनी माळ्यावरून कूलर उतरवला, पाणी भरलं आणि डब्यासमोर लावून दिला. बाई घोंगडं पांघरून गात होत्या, मी नवऱ्याचा स्वेटर घालून धृपद धरत होते. पट्टी हिरवीगार! धाप नाही की खट् नाही. भाऊजींचे डोळे भरून आले. आणि शेवटच्या कडव्याच्या तोंडावर बाई शिंकल्या. एकदा शिंकून थांबल्या नाहीत, शिंकतच राहिल्या. वर रेकॉर्डिंग लावून पाहिलं तर बाईंपेक्षा कूलरच जास्त गात होता.

"शालिक," बाई नाक पुसत म्हणाल्या, "तू मले रायपूरले धाडतो का वर धाडतो?"

रविवारी जावई सकाळीच हजर. बाईंची कपड्यांची पेटी गाडीत चढली. जावई अंगणात खुर्ची टाकून चहा पीत बसले, आणि आमचे भाऊजी तांब्या घेऊन खड्ड्याला पाणी घालायला निघाले. माझं डोकं फिरलं. म्हातारी आता जाईल, गाणं जाईल, आणि हा माणूस मिठाला पाणी घालून राहिला! मी सरळ माऊस धरला, फोनवरच्या व्हिडिओत दाखवलं तसं केलं आणि बफर पाचशे बारावर नेऊन ठेवला. रेकॉर्डिंग सुरू केलं. "म्हणा बाई."

बाईंनी गाणं सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला थबकल्या. मागे वळून पाहिलं.

"कोन चाळे करून राहिली वं माह्यामागून?"

"कोणी नाही बाई. तुमचाच आवाज आहे, जरा उशिरा येते."

"माहा आवाज माह्या मागं कायले राहिला?"

त्या पुन्हा म्हणू लागल्या. पण एक ओळ म्हणायच्या आणि मागचा आवाज येईपर्यंत थांबायच्या, वाट पाहिल्यासारख्या. गाणं पाय ओढत चाललं. मान वर करते तो दारात भाऊजी, हातात रिकामा तांब्या. मला वाटलं, आता हा माणूस घर डोक्यावर घेतो. पण ते आत आले आणि दाराजवळच्या धानाच्या पोत्यावर बसले.

"वहिनी," तांब्या मांडीवर धरून म्हणाले, "पोरगा रविवारी फोन करते. तिकडून आवाज उशिरा येते. मी विचारतो, जेवला का? तर काहीच नाही. मले वाटते आइकू नाही गेलं, म्हून मी पुन्हा विचारतो, तं तेवढ्यात त्याचं उत्तर येते. दोघंबी एकाच वक्ती बोलतो, मंग दोघंबी चूप. तो म्हनते, बाबा तुमी बोला. मी म्हनतो, तू बोल. असंच करता करता फोन ठेवाची वेळ होते. मले तो उशिराचा आवाज सहन नाही होत." तांब्या खाली ठेवत म्हणाले, "आता बाईलेबी फोनच लावा लागन."

मी माऊसवरचा हात काढला. फार वाईट वाटलं मला. आठवडाभर या माणसाला काय काय बोलले होते मी!

बाईंनीच कानावरचे हेडफोन काढले आणि भाऊजींच्या डोक्यावर घातले. "ढोलकी तू आइक. माह्यासमोर बस. तुह्या तोंडाकडं पाहून म्हनतो मी. मंग पाहू कोन मागं राहते."

भाऊजी चटईवर समोर बसले. एक कान ढोलकीला, एक बाईंना. टाळीचा आवाज नको म्हणून बाईंच्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला, दुखऱ्या गुडघ्यावर, अगदी हलका. मी रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं आणि बाईंनी गाणं उचललं. काय म्हणाल्या! वाकलेल्या बायांची ओळ डोळ्यांसमोर उभी राहिली. मी धृपद धरत होते आणि पाहते तर भाऊजींचे ओठ हलत होते. कडव्यामागून कडवं, एकही शब्द न चुकता. आई लहानपणीच गेली, तेव्हा बाई या भावाला शेताच्या कडेला धुऱ्यावर बसवून रोवायला बांधीतल्या चिखलात उतरायच्या, एवढं मला ठाऊक होतं. तिथे बसल्या बसल्या पोरानं पुरं गाणं पाठ केलं, हे बाईंनाही आजच कळत होतं. त्यांचे डोळे वाहायला लागले, पण ओळ सोडली नाही.

शेवटचं कडवं झालं. पट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत हिरवी होती. माझा एक डोळा तिच्यावरच होता. बाहेर जावयांनी गाडी सुरू केली.

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "झालं ना रे, शालिक?"

भाऊजी उठले नाहीत. गुडघ्यावरचा हातही उचलला नाही.

"नाही बाई," ते म्हणाले. "खट् आला. शेवटच्या कडव्यात. आणखी एक डाव म्हना लागन."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"हो बाई, आला," मी म्हटलं. "मी पण आइकला." आणि गाडी बंद करा, आणखी चहा ठेवते, असं जावयांना सांगायला मी बाहेर गेले.