वग्दीचा सरकारमान्य चेहरा

आमच्या सीदी मरजान मोहल्ल्यातल्या नागरी नोंदणी कार्यालयाचा कॅमेरा निधन पावला, तेव्हा कार्यालयाने रीतसर दुखवटा पाळून कामकाज बंद ठेवलं. दुखवटा चहावर होता. चहा संपेना, म्हणून दुखवटाही लांबला. अखेर बाहेरच्या रांगेतली एक म्हातारी खिडकीतून आत ओरडली, "मी मेल्यावर काढता का फोटो?" तेव्हा कुठे कार्यालयप्रमुख मादाम इन्शिराह यांनी यावर विचार करण्याचं मनावर घेतलं.

नवा कॅमेरा विकत घ्यायचा तर कैरोची मंजुरी लागते, आणि कैरोची मंजुरी आजवर कोणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. म्हणून मादामनी अलेक्झांड्रियातल्या सगळ्या सरकारी संस्थांना विचारलं, की तुमच्याकडे एखादा कॅमेरा रिकामा पडला आहे का? कला महाविद्यालयाच्या प्रमुखांना नेमकी कपाटं रिकामी करायची होती. त्यांनी तत्काळ एक जुना डिजिटल कॅमेरा 'सुस्थितीत' असा शिक्का मारून पाठवून दिला. तो सुस्थितीत आहे की नाही हे त्यांनी पाहिलं नाही. शिक्का मात्र नीट उमटलाय ना, हे उजेडात धरून पाहिलं.

तो कॅमेरा नाझलीचा होता.

नाझली ही आमच्या मोहल्ल्यातल्या उस्ताद तलात यांची मुलगी, त्याच कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला; प्रदर्शनानंतर तिचा कॅमेरा तिथल्या कपाटातच राहिला होता. लोकांनी फेकून दिलेले कॅमेरे ती जुन्या बाजारातून गोळा करून आणायची, त्यांचं पोट उघडायची आणि ज्या दोन तारांची जन्मात गाठ पडू नये त्यांची डाग देऊन सोयरीक जमवायची. वर एक बटण बसवायची. मग त्या कॅमेऱ्यासमोर होडी धरली, की आकाश होडीखाली जायचं, शीड तीन जागी फाटायचं आणि सगळ्यावरून जांभळे पट्टे वाहायचे. या कलेला ग्लिच म्हणतात. युरोपात म्हणे भिंतीवर लावतात.

"सरकारी खर्चाने शिकून वस्तू बिघडवायला शिकली!" तलात म्हणायचे.

"बाबा, बिघडवणं सोपं नसतं. नीट बिघडवावं लागतं."

"पोरी," मी मधे तोंड घातलं, "सरकारी खात्यांना ते न शिकता येतं."

तलात मला आठवडाभर सलाम करेनात. सारी हयात त्यांनी अभिलेख खात्यात काढली होती, आणि शिक्का नसलेल्या कुठल्याही गोष्टीवर, पहाटेवरसुद्धा, त्यांचा पूर्ण विश्वास नव्हता.

अशा माणसाच्या मुलीवर कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानातला वग्दी जीव लावून बसला होता, आणि तीही त्याच्यावर. तलात कसेबसे तयार झाले. फक्त निकाह लावणारे शेख बयूमी म्हणाले, "वग्दी, तुझं ओळखपत्र मुदतबाह्य झालंय. नवं आण, मगच करार लिहीन." तलातनी लगेच मुदत घातली. शुक्रवारपर्यंत कार्ड आणलं तर ठीक. नाहीतर कुवेतहून सुट्टीवर आलेला त्यांचा पुतण्या शाकिर तयारच होता. शाकिरच्या पारपत्रावर दोन्ही डोळे एका रेषेत होते, आणि तो ते पारपत्र वरच्या खिशात घेऊन हिंडायचा.

वग्दीने दाढी केली, केस चोपले, नव्या कॅमेऱ्यासमोर बसून आला. कार्ड हातात पडलं तेव्हा आपण ते उलटं धरलंय असं त्याला वाटलं. सुलटं केलं तर आणखी वाईट. डावा डोळा हनुवटीपाशी आला होता, नाक दोनदा होतं, तोंड कानाच्या शेजारी राहायला गेलं होतं आणि कपाळावरून जांभळा पट्टा गेला होता.

"हा कोण?" त्याने कारकुनाला विचारलं.

"नाव वाचा."

"नाव माझं आहे."

"मग झालं की. पुढचा!"

नाझलीने कार्ड पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. वग्दीला वाटलं, दुःखाने.

"माझा कॅमेरा!" ती म्हणाली. "काय सुंदर तुटलायस तू, वग्दी! ही हनुवटी बघ. इतकं तर प्रदर्शनातही आलं नव्हतं."

"नाझली, शेखसाहेब मला ओळखत नाहीयेत."

हे खरं होतं. शेख बयूमी त्याच्या बारशाला शरबत प्याले होते, पण कार्ड पाहून ते म्हणाले, "तुला मी ओळखतो रे बाळा. ह्याला ओळखत नाही. आणि करार ह्याच्याशी आहे."

मग दोघं मादाम इन्शिराहकडे गेले. बरोबर मीही होतो, कारण त्यांच्याकडचा पंखा चांगला आहे.

"मादाम, तो कॅमेरा मीच बिघडवलाय," नाझली म्हणाली. "एक तार कापली की सरळ होईल. मला आत्ता द्या."

"बाळ, तो आता सरकारी सामान आहे. त्याचं पोट उघडणं हा गुन्हा."

"पण तो चुकीचे फोटो काढतो!"

"चुकीचे कसे? सुस्थितीत असल्याचा शिक्का आहे." मादामनी चष्मा काढून पुसला. तो वग्दीच्याच दुकानातला होता. "आणि समज, मी तो दुरुस्त केला. मग आजवर दिलेली सगळी कार्डं खोटी ठरतील. म्हणजे अर्धा मोहल्ला खोटा ठरेल. लोकांना खोटं पाडायला मी इथे बसलेय का?"

"मग माझा फोटो तरी बदला," वग्दी काकुळतीला आला.

"बदलू की. त्यासाठी कार्डावरचा माणूस तू नाहीस, हे सिद्ध कर."

"तो मी नाहीच!"

"मग दुसऱ्याच्या कार्डाबद्दल तू अर्ज कसा करतोस?" मादामनी दयेने मान हलवली. "चेहरा तुझ्या ताब्यात आहे, फोटो आमच्या. आपापल्या ताब्यातली वस्तू आपण नीट ठेवावी."

त्यानंतर जे झालं ते सगळं याच एका वाक्यातून तर्कशुद्धपणे निघालं. बँकेने कार्डाशी न जुळणाऱ्या खातेदारांना बाहेर बसवलं. लोक कपाळाला जांभळी शाई लावून गेले, तर त्यांचं काम झालं. न्हावी मुतवल्लीने पाटी लावली, 'कार्डाप्रमाणे चेहरा करून मिळेल', आणि तो एक भुवई भादरून खाली गालावर चिकटवू लागला. चौकातला हवालदार ज्यांचं नाक एकच आहे त्यांना थांबवून विचारायचा, "दुसरं कुठे ठेवलंत?" मोहल्ल्यातली श्रीमंत मंडळी, ज्यांची कार्डं जुनी आणि सरळ होती, ओळखी लावून नव्या कॅमेऱ्यासमोर बसून आली. सरळ चेहरा गावंढळ दिसायला लागला होता.

वग्दीनेही शाई लावून पाहिली. पण हनुवटीवर डोळा आणायचा कुठून? मुतवल्लीने काचेचा एक डोळा डिंकाने चिकटवला. शेख बयूमींनी तो निरखून पाहिला आणि म्हणाले, "फोटोतला पाहतोय. हा नुसता बसलाय."

गुरुवारी वग्दी तलातपुढे रडला. तलात निष्ठुर नव्हते. त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"बाळा, कार्डावरच्या मुलाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. स्थिर आहे, गप्प आहे, सरकारने मान्य केलेला आहे. तो उद्या आला तर त्याच घडीला मुलगी देईन."

हे ऐकून नाझली उठली. "बाबा, शब्द?"

"शब्द."

शुक्रवारच्या नमाजानंतर तलातच्या दिवाणखान्यात मंडळी जमली. शाकिर पहिल्या रांगेत राखीव वर म्हणून पारपत्रासह बसला होता. आणि वराच्या खुर्चीवर, माणसाएवढ्या चौकटीत, वग्दीचं कार्डावरचं चित्र मोठं करून बसवलेलं होतं. त्याला नेकटाय घातला होता. चौकटीच्या मागे वग्दी उकिडवा बसला होता.

शेखसाहेबांनी कार्ड पुढे धरलं, चित्र पाहिलं, कार्ड पाहिलं. डोळा हनुवटीपाशी, नाकं दोन, पट्टा जांभळा. "माशाल्लाह," ते म्हणाले, "हुबेहूब."

तलातनी चष्मा लावून स्वतः पडताळलं. त्यांचा चेहरा उजळला. शाकिरने पारपत्र काढायला हात घातला, पण त्याच्याकडे कोणी बघेना.

आमच्याकडे करार होताना मुलीचा बाप आणि वर उजवे हात एकमेकांत धरतात आणि शेख त्यावर पांढरा रुमाल टाकतात. चौकटीखालून एक घामेजलेला हात बाहेर आला. तलातनी तो धरला. हाताचा फोटो कार्डावर नसतो, त्यामुळे हाताबद्दल कोणाचीच हरकत नव्हती.

"कबूल?"

"कबूल," चित्राच्या मागून आवाज आला.

"वराला किंचित सर्दी दिसते," शेख म्हणाले आणि शिक्का मारला.

बायकांनी जिभा हलवत झगारीदचा आनंदघोष केला, लग्नाळू पोरींनी शकुनाचा रुमाल पळवला, आणि पाहुणे रांग लावून चित्राशेजारी उभे राहून फोटो काढून घेऊ लागले. वग्दी गुडघे चोळत मागून बाहेर आला. तलातनी त्याला शरबताचा पेला दिला.

"आलास? बरं केलंस. बघ, कसा देखणा जावई मिळालाय."

"उस्ताद, तो मीच आहे."

"असेल बाळा," तलात प्रेमाने म्हणाले, "पण लोकांसमोर उगाच म्हणू नकोस."

नाझलीने त्याचा हात धरला तेव्हा बिचारा हसला. 'मी त्याच्या जागी असतो तर ती चौकट तिथेच फोडली असती,' असं तुम्ही मनातल्या मनात म्हणालात ना? आम्ही कसे कणा नसलेले, याचंही तुम्हाला हसू आलं असेल. हसा. फक्त एवढं सांगा. मागच्या वेळी एखाद्या खिडकीपलीकडच्या माणसाने तुमचं कार्ड हातात घेतलं, फोटो पाहिला, तुमच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि भुवई वर केली, तेव्हा मान जराशी तिरकी करून, ओठ मिटून, डोळे बारीक करून त्या फोटोसारखं दिसायचा प्रयत्न कोणी केला होता?