बघितलेलं तळं

सगळा घोटाळा 'बघू' या एका शब्दामुळे झाला.

बबीचा नवरा हा शब्द मोजे काढता काढता वापरायचा. "रविवारी संग्रहालयात जाऊ या का?" असं तिनं विचारलं, की एक मोजा निघायचा, पाठोपाठ "बघू" यायचं, आणि दुसरा मोजा निघेपर्यंत त्याचे डोळे मिटायला लागलेले असायचे. माणूस वाईट नव्हता. त्याचं ऑफिसच असं, की तान्ही छकुली उठायच्या आत त्याला गिळायचं आणि ती झोपल्यावर घरी आणून टाकायचं.

शहर भलतंच मोठं होतं. बघायचं म्हटलं तर आठवडा पुरत नाही, असं लोक म्हणायचे. बबीला मात्र ते दुधाच्या दुकानापासून लशीच्या दवाखान्यापर्यंतच ठाऊक होतं. उरलेलं शहर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर होतं. दर महिन्याला एक प्रेक्षणीय स्थळ, कुणा जुन्या चित्रकारानं रंगवलेलं. खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाठ दिसायची, त्यापेक्षा बबी कॅलेंडरकडे तोंड करून कणीक मळायची. बोलायला छकुली होती, पण अजून तिची सगळी मतं एकाच अक्षरात असायची. कधीकधी बबी फ्रिजशी बोलायची. तो निदान मध्येच गुरगुरायचा तरी.

एकदा आईचा फोन आला. "काय गं, कुठं हिंडता-फिरता की नाही?"

"हे म्हणालेत, संग्रहालय बघू..." एवढ्यात कुकरनं शिट्टी मारली आणि पुढचं सगळं खाऊन टाकलं.

"बघून आलात? बरं झालं बाई. मला आपली काळजी, पोर दिवसभर चार भिंतींत कोंडून घेतेय की काय."

आईचा आवाज इतका सैल झाला, की तो पुन्हा आवळायचं बबीच्या जिवावर आलं. "हो, छान होतं," ती म्हणाली, आणि कॅलेंडरकडे बघून तिनं दगडी हत्तींचं वर्णनही केलं.

मग पान उलटलं, तसा घड्याळाचा मनोरा बघून झाला. आणखी उलटलं, तसं तळं. तळ्यावर तर नवऱ्यानं स्वतः वल्हं मारलं आणि छकुलीनं पाण्यात हात घातला. आई खूश व्हायची. फोन ठेवल्यावर घर मात्र आधीपेक्षा जास्त गप्प व्हायचं, कारण आता जिला खरं सांगावं अशी एकच बाई होती, आणि तिलाच ते सांगायची सोय राहिली नव्हती.

अशात आत्या येऊन धडकली. बबीच्या वडिलांची ही थोरली बहीण. तिनं जन्मभर शिवणाचा क्लास चालवला होता. मुलीनं कितीही वरून इस्त्री फिरवून आणली, तरी कच्ची शिवण तिला दारातूनच दिसायची. आल्या आल्या तिनं छकुलीला काखेत मारलं, घरभर फिरून आली आणि कॅलेंडरपाशी जरा थांबली. एकेक पान उचलून बघितलं.

"तुझं सगळं बघून झालंय म्हणे," ती म्हणाली. "मग उद्या मला दाखव. वहिनीनं बजावलंय, काही सोडू नकोस, आणि आल्यावर सगळं नीट सांग."

आत्यानं सगळं नीट सांगितलं, तर आई त्या क्षणापासून पदराला डोळे लावून बसणार होती.

सकाळी बाबागाडी, छत्री, दुधाची बाटली आणि आत्या असा लवाजमा घेऊन बबी निघाली. संग्रहालयाच्या दाराला भलंमोठं कुलूप होतं.

"आज साप्ताहिक सुट्टी," पहारेकरी म्हणाला.

"तुला माहीत नव्हतं?" आत्यानं विचारलं.

"माहीत होतं ना. म्हणूनच आणलं. गर्दी असली की इमारत दिसत नाही."

आत्यानं चष्मा पुसून इमारत बघितली. "आणि ते दगडी हत्ती?"

"आत असतील. म्हणजे, आहेत."

"हे तर सिंह दिसतायत बाई बाहेर."

"हत्ती मागच्या बाजूला," बबी म्हणाली आणि बाबागाडी घाईघाईनं वळवली.

मनोरा तरी लांबून दिसेल म्हणून ती मान वर करून चालत राहिली. शेवटी एक उंच, गोल, राखाडी मनोरा दिसला. "हा बघ," तिनं हुश्श करून सांगितलं.

आत्या बराच वेळ वर बघत राहिली. "घड्याळ कुठंय गं?"

"दुरुस्तीला नेलंय."

"एवढं मोठं?"

"म्हणून तर वेळ लागतोय."

तेवढ्यात मनोऱ्यावरून थेंब थेंब पाणी आत्याच्या डोक्यावर पडलं. शेजारचा फळवाला म्हणाला, "ताई, जरा बाजूला उभ्या राहा. टाकी गळते." आत्यानं छत्री उघडली. छकुलीनं तिचं ते एक अक्षर उच्चारलं. बबीला ते टोमण्यासारखं वाटलं.

आता सगळी भिस्त तळ्यावर. तळं काही दुरुस्तीला नेता येत नाही, आणि त्याला कुलूपही लागत नाही. बसच्या पाटीवर 'तळं' असं ठळक लिहिलेलं बघून बबीच्या जिवात जीव आला. शेवटच्या थांब्यावर त्या उतरल्या. समोर लांबच लांब मोटारी उभ्या होत्या, ओळीनं, उन्हात चमकत.

वाहनतळाचा रखवालदार बाबागाडीकडे बघत पुढं आला. "गाडी लावायचीय?"

"नाही हो," बबी म्हणाली. "तळं कुठल्या बाजूला आहे?"

"कुठलं तळं?"

"नावा असतात ते."

"ते होय. त्यातच तर उभ्या आहात तुम्ही. बुजवलं ते. मी पोरगा होतो तेव्हा."

रखवालदाराला मिशा होत्या आणि त्या पांढऱ्या होत्या. आत्यानं त्या मिशांकडे बघितलं, मग मोटारींकडे, मग बबीकडे.

"मग जावईबापूंनी गेल्या महिन्यात वल्हं कशात मारलं?" ती शांतपणे म्हणाली.

बबी फुटपाथच्या काठावर बसली आणि तिचा चेहरा हळूहळू वाकडा झाला. "मी कुठंच गेले नाही आत्या. दूध आणायला जाते. तेवढंच."

आत्याही गुडघे धरत शेजारी टेकली. "ते मला काल संध्याकाळीच कळलं. तुझ्या नवऱ्याला पानांच्या क्रमानंच कशी काय गं सुट्टी मिळते?"

"मग तरी आलीस माझ्याबरोबर? त्या टाकीखाली?"

"मला वाटलं, निदान तळं तरी खरं असेल."

बबी हसली आणि हसता हसता तिला रडू आलं. कितीतरी दिवसांत कुणी शेजारी असताना ती रडली नव्हती. आत्यानं तिचं डोकं खांद्याला लावून घेतलं, उगाच समजूत घातली नाही. पलीकडं एक जण नळी धरून मोटार धूत होता. पाणी वाहत येऊन त्यांच्या पायाशी खळग्यात साचलं. आत्यानं पिशवीतून बिस्किटाचा कागद काढला, शिवणाच्या बोटांनी पटापट दुमडला आणि छकुलीला खाली घेऊन तिच्या मुठीत नाव दिली. छकुलीनं ती आधी चावून बघितली, मग पाण्यात टाकली. नाव तिरकी झाली, गोल फिरली, पण चालली. छकुलीनं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.

"झालं," आत्या म्हणाली. "आता तू खोटं बोललीस असं कोण म्हणेल?"

संध्याकाळी आईचा फोन आत्यानं स्वतःच घेतला. "वहिनी, काय सांगू. तळ्यावर काय ती गर्दी, पाय ठेवायला जागा नाही. नाव छोटी, पण बुडाली नाही हो. आणि बबी ना, पोटभर..." ती क्षणभर अडखळली. "पोटभर हसली."

मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा कच्ची शिवण स्वतःच घातल्यासारखा झाला होता.

"काय झालं?"

"वहिनी येतेय. पुढच्या महिन्यात. तिला नावेत बसायचंय."

आधी बबीनं कॅलेंडरकडे बघितलं. मग तिच्या लक्षात आलं, की आई येतेय. या घरात. कुकरच्या शिट्टीत हरवणार नाही इतक्या जवळ.

नवरा त्या दिवशी नेमका लवकर आला होता. एक मोजा काढता काढता तो म्हणाला, "तुम्ही सगळ्याजणी तळ्यावर जाऊन आलात? मला कुणी विचारतसुद्धा नाही. या रविवारी मलाही न्या की."

आत्यानं बबीकडे बघितलं. बबीनं छकुलीच्या भिजून वाळलेल्या बाहीची घडी सरळ केली.

"बघू," ती म्हणाली.