जित्या मासोळीले बरफ

साहेबांनी बदलीचा अर्ज वाचला, त्याची घडी घालून पेपरवेटखाली ठेवला आणि म्हणाले, "आधी माझे मासे, गुणवंतराव. मग बघू."

गुणवंतराव वडशाच्या जंगलखात्याच्या लाकूडडेपोत कारकून होते आणि आठ वर्षांतला हा त्यांचा सातवा अर्ज होता. घर चांद्याला, बायको कमळाबाई चांद्याला, दोन पोरी चांद्याच्या शाळेत, आणि गुणवंतराव वडशाला स्वतःच्या हातचा अर्धाकच्चा भात चावत बसलेले. पहिल्या सहा अर्जांना उत्तरच आलं नव्हतं. सातव्याला निदान पेपरवेट मिळालं, ही प्रगतीच म्हणायची.

साहेब सहा आठवड्यांच्या शिक्षणासाठी देहरादूनला निघाले होते. त्यांच्या खोलीत काचेची एक पेटी होती आणि तिच्यात कलकत्त्याहून आणलेले सात सोनेरी मासे. साहेबांनी विलायती मासिकात वाचलं होतं की जिवंत किडे खाऊन मासे रोगी होतात. त्यांना गोठवलेलं अन्नच द्यावं. म्हणून नागपूरचे त्यांचे मेव्हणे तिथल्या बर्फाच्या कारखान्यात झिंग्यांचा बारीक चुरा गोठवून त्याची लादी दर मंगळवारी आणि शुक्रवारी रेल्वेनं पाठवणार होते. सुपारीएवढा तुकडा फोडायचा, वाटीत वितळवायचा, फडक्यातून गाळायचा, पाणी टाकून द्यायचं आणि चुरा माशांना घालायचा. सकाळी आठला, संध्याकाळी पाचला. सूचना दोन पानं भरून टाइप केलेल्या होत्या. शेवटची ओळ लाल शाईत होती : जिवंत किडा कदापि देऊ नये.

"रोजची नोंद ठेवा," साहेब म्हणाले. "आल्यावर मी वही वाचेन, आणि मग तुमचा अर्ज."

गुणवंतरावांनी वही केली. पण आठ वर्षांच्या नोकरीत ते एक गोष्ट शिकले होते. काम चांगलं झालं की ते साहेबांनी केलेलं असतं, आणि बिघडलं की कागदावर ज्याचं नाव असतं त्यानं केलेलं असतं. मासा म्हणजे बोलून चालून मरणारी वस्तू. तेव्हा त्यांनी पहिल्याच पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं : "मासे सात. अन्न लटारू शिपायाच्या हस्ते दिले." वाक्य इतकं सुरक्षित वाटलं की त्यांनी पुढच्या एक्केचाळीस पानांवरही ते आधीच लिहून ठेवलं. तारखा तेवढ्या कोऱ्या ठेवल्या.

मंगळवारी नागभीडला गाडी बदलून लादी आली तेव्हा वडशाच्या फलाटावर निम्मा गाव जमला. मे महिना, अंगाची लाही होत होती, आणि पोत्यातून गार पाणी ठिबकत होतं.

"काय आहे जी बाबू?" एकानं विचारलं.

"बर्फ."

"कोनासाठी?"

"माशांसाठी."

माणसं थोडी मागं सरकली. आवाज हलका करून विचारणारा म्हणाला, "मेली का मंग मासोळी? केव्हा?"

"कोणी मेलं नाही. जिवंत आहेत मासे."

"मेल्या मासोळीले बरफ टाकतेत, हे मले माईत आहे. जित्या मासोळीले बरफ काऊन?"

"खायला," गुणवंतराव म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांना पस्तावा झाला. त्या दिवसापासून ते बाजारातून जाऊ लागले की कुणी ना कुणी विचारायचं, "मासोळी जेवली का जी?" तेही इतक्या आदरानं, की रागावायचीही सोय नाही.

डेपोत भुशाला तोटा नव्हता. लटारूनं खड्डा खणून भुशात लादी पुरायची आणि बुधवारी सकाळी तुकडा फोडायचा असं ठरलं. लटारू मोठा आज्ञाधारक गडी. त्याला सांगितलेलं तो करायचाच, आणि न सांगितलेलं जरा जास्त मनापासून करायचा. बुधवारी गुणवंतराव कचेरीत आले तो लटारू हात पुसत उभा.

"बाबू, तुमाले नागपूरवाल्यायनं फसवलं. बरफात किडेच किडे. पाय न् मिशा दिसून राह्यल्या होत्या."

"मग?"

"मंग का? सारी लादी फोडली, घान झाडून टाकली. डेपोतले कुत्रे भांडले त्याच्यासाठी. अन साफ बरफ मासोळीले टाकून देल्लं."

"साफ बर्फ पेटीत टाकलास?"

"हो जी. दोन पाट्या. म्हटलं ऊन लय हाये, बिचाऱ्याईले गार वाटन."

सातही मासे तळाशी बसले होते, खिळे ठोकल्यासारखे. गुणवंतरावांनी काचेला नाक लावलं. सातातल्या एकानं कल्ला हलवला की त्यांच्या जिवात जीव यायचा, आणि तो थांबला की बदलीचं काय झालं असं दर आठवड्याला विचारणारं कमळाबाईंचं पोस्टकार्ड डोळ्यांपुढं यायचं. अकराच्या सुमारास पेटीतलं पाणी वडशाच्या हवेइतकं तापलं आणि मासे हिंडू लागले. मे महिन्याच्या उन्हानं त्या गावात कुणाचं भलं केलं असेल तर ते एवढंच.

पण खायला काय? शुक्रवारच्या लादीची वाट बघायची. तोवर मासे उपाशी. वहीत मात्र रोज दोन वेळा जेवत होते.

शुक्रवारी गाडी साडेतीन तास उशिरा आली. गुणवंतरावांच्या हाती जे पडलं ते पोतं होतं, ओलं आणि रिकामं. त्याला वास मात्र भरपूर होता. स्टेशनपासून डेपोपर्यंत चार मांजरं त्यांच्या मागून चालत आली आणि शिंप्याच्या दुकानापाशी पाचवं येऊन मिळालं. "मासोळीचं जेवन नासलं काय जी?" कुणीतरी हळहळलं.

खोलीत आले तो एक मासा तिरपा पोहत होता.

"लटारू, हा असा काऊन पोहून राह्यला?" वैतागाच्या भरात गुणवंतरावांची कचेरीतली भाषा सुटली आणि घरची तोंडात आली.

"भुकेनं जी. मले बी जेवाले उशीर झाला का असंच होते."

डेपोच्या फाटकाशी गुणाबाई ढिवरीण मासळीची टोपली घेऊन बसायची. आठ वर्षांत गुणवंतरावांनी तिच्याकडून वांब घेतली होती, मरळ घेतली होती, पण सल्ला घेतला नव्हता. तिनं आत येऊन पेटी पाहिली आणि पदर तोंडाला लावला.

"बाबू, याईले बरफ खाऊ घालता?"

"बर्फातलं अन्न घालायचं असतं. हुकूम आहे."

"आमच्या नदीत बरफ कुठी हाये? तरी मासोळी जगतेच ना. तुमी तिले खाता तवा तिचं मांस पायता, पन ती का खाते ते कधी पायलं नाई." तिची नजर कचेरीच्या ओसरीवर गेली. तिथं खुंट्यांवर बारा लाल बादल्या टांगल्या होत्या. लाकडाला आग लागली तर विझवायला बादल्या कायम भरलेल्या असाव्यात, असा नियम होता. पाणी बदलावं असा नव्हता. "ते पाहा, तुमच्या सरकारनं केवढी सोय करून ठेवली हाये."

गुणवंतरावांनी बादलीत डोकावलं. पाणी वळवळत होतं. डासांच्या आळ्यांनी बारा बादल्या गच्च भरल्या होत्या.

लाल शाईची ओळ त्यांना आठवली. मग तिरपा मासा दिसला. त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं, वाटीभर आळ्या पेटीत सोडल्या आणि आपण काही पाहिलं नाही अशा बेतानं भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागं पाण्यात नुसती झुंबड उडाली.

त्यानंतर रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला ते स्वतः वाटी घेऊन ओसरीवर जायचे. हे काम लटारूवर सोडायची त्यांची छाती नव्हती. न जाणो, त्यानं बादल्याच स्वच्छ धुऊन ठेवल्या असत्या. नागपूरच्या लाद्या येतच होत्या. त्यातले झिंगे गुणाबाई न्यायची, आणि बर्फ गावात ज्याला ताप असेल त्याच्या कपाळावर जायचा. उरलेल्याचं लटारू सरबत करायचा. वहीत रोज तारीख पडायची.

सहा आठवड्यांनी साहेब आले ते थेट पेटीकडे. मासे गुटगुटीत झाले होते. रंग असा चढला होता की सराफानं चोरून बघावं. तिरप्या माशाला तर वळताना पेटी अपुरी पडत होती.

"वा," साहेब म्हणाले. "बघा गोठवलेल्या अन्नाचा परिणाम. वही द्या."

साहेबांनी वही पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचली. गुणवंतरावांनी शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं.

"गुणवंतराव, माझी चांद्याला बदली झाली. सोबत इथला एक माणूस न्यायची परवानगी मागून घेतली आहे."

"साहेब..."

"खरं सांगायचं तर तुमचंच नाव घातलं होतं." साहेबांनी पेपरवेटखालून अर्ज काढला, कौतुकानं पाहिला आणि फाडला. "पण बेचाळीस दिवस, चौऱ्याऐंशी वेळा, एकदाही खाडा न करता ज्यानं हे केलं त्याला मागं ठेवून तुम्हाला नेलं, तर तो अन्याय होईल. आणि त्याचं श्रेय तुम्ही झाकलं नाही, हा तुमचा मोठेपणा. दुसऱ्या कारकुनानं स्वतःचं नाव घातलं असतं."

"साहेब, ते आपलं लिहायची पद्धत म्हणून..."

"म्हणजे, खोटं लिहिलंय?"

गुणवंतरावांची नजर खिडकीतून ओसरीकडे गेली. बारा बादल्या शांत लटकत होत्या.

"नाही साहेब," ते म्हणाले. "लटारूनंच केलं."

लटारूला हुकूम वाचून दाखवला तेव्हा तो मटकन खाली बसला. "म्या कायले जाऊ चांद्याले? माही बायको इथी, धानाची बांधी इथी. चांद्याले माहं कोनी नाई, बाबू. तुमचं सारं तिथी हाये. तुमी जा ना."

गुणवंतरावांनी हुकमाची घडी घालून लटारूच्या हातात ठेवली. बोलण्यासारखं जे होतं ते त्यांनी बेचाळीस वेळा लिहून ठेवलं होतं.

निघायच्या दिवशी लटारू फलाटावर बायकोचा हात धरून रडत होता, म्हणून माशांची पेटी गुणवंतरावांनीच डेपोपासून उचलून आणली होती आणि त्यांनीच ती डब्यात चढवली. गाडी हलली.

"तुमच्या घरी काही निरोप देऊ का जी, बाबू?" लटारूनं खिडकीतून नाक ओढत विचारलं.

"सांग, अर्ज केला आहे."

कचेरीत परतून त्यांनी वही उघडली. साहेब गेले होते, मासे गेले होते, आता कुणी वाचणार नव्हतं. तरी शेवटचं पान मोकळं राहू नये म्हणून त्यांनी तारीख घातली आणि लिहिलं : "मासे सात. चांद्यास सुखरूप रवाना केले." मग टाक दौतीत बुडवला, आणि हात सवयीनं पुढं लिहून गेला : "लटारू शिपायाच्या हस्ते."