इव्हॉन, द्वारा सावंत

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर मी भांडुपच्या वामन सावंतांचं नाव घेईन. मराठीत ते सावंतकाका होते. इंग्रजीत त्यांचं नाव इव्हॉन होतं.

हे फ्रेंच बाईचं नाव त्यांना आमच्या अंधेरीच्या ऑफिसात चिकटलं. आम्ही दाराच्या पितळी कड्या परदेशी पाठवायचो. तिकडची पत्रं इव्हॉन नावाची मरोळची टायपिस्ट लिहायची. ती लग्न करून गेली. "नवी मुलगी मिळेपर्यंत तिच्याच नावानं सही करा, गिऱ्हाइकाला बदल आवडत नाही," असं शेठ सावंतकाकांना म्हणाले. नवी मुलगी आलीच नाही. मी ब्याऐंशी साली लागलो तेव्हा काकांना इव्हॉन होऊन सहा वर्षं झाली होती.

मी पाटणच्या शाळेतला, घराण्यातला पहिला बी.कॉम. इंग्रजी वाचता यायचं, लिहिताना हात आखडायचा. माझ्या पहिल्या मसुद्यात मी गिऱ्हाइकाला बजावलं होतं की उत्तर ताबडतोब पाठवा. काकांनी तो वाचून चष्मा काढला.

"मेल्या, इव्हॉन असा लिवतली काय?"

"मग कसं लिहील?"

"आधी तब्येत विचारतली. तिका घाई नसता."

इव्हॉन रागावत नसे. माल उशिरा गेला तर चूक दुसऱ्यावर ढकलत नसे. पत्राला बसताना काका शर्टाच्या दुमडलेल्या बाह्या खाली सोडून बटणं लावत. एकदा पॅकिंगमधल्या शिर्केनं दारातून हाक मारली, "काय इव्हॉनबाय, चहा घेणार काय?" काका शांतपणे म्हणाले, "थांब रे जरा, पत्र चाललंय." शिर्केला शिव्या पडल्या, पण सही झाल्यावर, बाह्या वर दुमडून.

"तुम्ही स्वतःच्या नावानं का लिहीत नाही?" मी विचारलं.

"वामन सावंताक इंग्लिश खंय येता? रात्रशाळेत नापास झालेलो तो."

इंग्लंडचे हॉपकिन्स हे आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. कड्यांच्या ऑर्डरीखाली ते इव्हॉनला आपल्या बागेचं आणि गुडघ्याचं कळवत. त्यांची बायको गेली तेव्हा उत्तर लिहायला काकांनी अख्खा दिवस घेतला. काकांचीही बायको गेलेली. त्याबद्दल त्यांच्या तोंडून आम्ही कधी शब्द ऐकला नव्हता. ते पत्र मात्र दोन पानांचं झालं.

मग एक दिवस हॉपकिन्सनी कळवलं, मुंबईला येतोय, इव्हॉनला भेटायचंय.

"वाट लागली," शेठ म्हणाले. "सांगू, सुट्टीवर आहे."

"आणि थांबतो म्हणाला तर?" काकांनी विचारलं.

हॉपकिन्स आले ते काठी टेकत. खुर्चीत बसल्याबरोबर त्यांनी इव्हॉनची चौकशी केली. काका समोर उभे होते. इतकी वर्षं ज्याला पत्रं लिहिली त्याच्याशी बोलायला त्यांना एक इंग्रजी शब्द फुटेना. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग त्यांका, तिचा लगीन झाला."

मी सांगितलं. म्हाताऱ्याला बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी खिशातून बागेतल्या फुलांच्या बियांची पुडी काढून काकांपुढे धरली. तिला पोचवाल का, म्हणाले. काकांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

"खोटा खंय बोललंय? झालाच होता तिचा लगीन," ते नंतर मला म्हणाले.

पण लग्न होऊन गेलेल्या बाईची सही पुढे कशी करणार? काकांनी कागद माझ्याकडे सरकवले. "आता तुझ्या नावान लिही. तुका येता."

मी लिहू लागलो. तेव्हापासून काका बाह्या वर दुमडूनच बसत. पुढे ते रिटायर झाले आणि भांडुपच्या खोलीत एकटे राहू लागले. गेल्या महिन्यात मी त्यांना पहिल्यांदाच इंग्रजीत पत्र लिहिलं. मराठीत ते असं होईल:

प्रिय इव्हॉन,

तुमची तब्येत कशी आहे? मी मजेत आहे. हॉपकिन्ससाहेबांचं पत्र आलं. धंदा त्यांनी मुलाकडे दिलाय, तेव्हा आता त्यांना लिहिणं हे ऑफिसचं काम राहिलेलं नाही. गुडघा तसाच आहे. बिया रुजल्या का, असं त्यांनी विचारलंय. सावंतांच्या गॅलरीत पत्र्याच्या डब्यात त्या रुजलेल्या मी पाहिल्यात, पण हे तुम्ही कळवलेलं बरं. लग्न झालेल्या बाईनं जुन्या ओळखीच्या माणसाला पत्र लिहायला हरकत नसावी. त्यांच्या घरचा पत्ता खाली दिलाय.

घाई नाही.

तुमचा,
कदम