"हात काढा" म्हननारे बिराजदार सर

आमच्या माडीवरच्या हापिसातनं भर दुपारी आरोळी यायची, "हात काढाऽऽ!" नवीन मानूस दचकायचाच. खालचा भजीवाला तर पयल्यांदा झारा टाकून मागं सरला व्हता. त्याला वाटलं कुटं करंट उतरला. मी म्हनलं, "तळ बाबा तू. तुला न्हाय ते. ते आमचे बिराजदार सर हायेत."

मी त्या हापिसाच्या खालच्या खोलीत ऱ्हाते अन् कडक भाकऱ्या करते. हापिसाचं दुपारचं जेवन माझ्याकडंच. मालक, मालकाची लेक रेवती, कामावरची दोन-चार मानसं अन् बिराजदार सर. सर अक्कलकोटच्या पल्याडचे, घरात कानडी. आता घरात म्हनायला कोन न्हाय, एकटेच. भाकरी वाढाया गेलं की ताटावर हात आडवा धरायचे, "साकु, साकु." म्हंजे बास, बास. अन् हात तसाच ठिवून बोटांच्या फटीतनं भाकरी घ्यायचे.

हापिसात ते कंपूटरवरचे परोग्राम बनवत्यात. टावेल कारखान्याचे पगार, कांद्याच्या आडत्याच्या पावत्या, दवाखान्याचे नंबर, आसलं. समदं त्या जावात करत्यात म्हनं. जावा कोन, ते मी इचारलं न्हाय. सर सांगत बसले असते.

कारन सरांना सांगायची लई हौस. हापिसात कोन ऐकत न्हाय, मग माझ्यापाशी. "मावशी, बघा. हे सगळे प्रोग्राम एकाच सर्व्हरवर बसलेत. सर्व्हर म्हणजे एक मोठी चूल समजा. सगळ्यांची भांडी हिच्यावर. जाळ घालणारा मी एकटा."

मी म्हनलं, "ते कोपऱ्यातलं काळं मशीन, पंखा घुमतंय ते, तीच चूल व्हय?"

"अय्यो! ते मशीन. सर्व्हर त्याच्या आत चालतो. दिसत नाही तो."

"मग मी दसऱ्याला हळद-कुंकू कुनाला लावलं?"

सर इचारात पडले. म्हनले, "मशीनला लावलं. पण आत पोचलं असंल."

तर ह्या एका चुलीचं आसं, की एक परोग्राम दुरुस्त करायचा झाला की चूलच इझवाया लागायची. काम टावेलवाल्याचं, पन कांदेवाल्याचं बी बंद अन् दवाखान्याचं बी. मग कुनाचं आर्धं काम आत अडकू नये म्हनून सर आदी समद्यांना फोन करायचे.

"हॅलो, बिराजदार बोलतोय. हात काढा हं जरा, मशीन बंद करून बसवतोय. काय म्हणतोय गुडघा? तेल कुठलं लावताय? ते नको, करडईचं लावा. आणि थोरलीचं जमलं का बार्शीला? नाही? पत्रिकेला काय बघताय, पोरगा बघा की."

मशीन बसून उटायला एक भाकरी उलटूस्तवर येळ लागायचा. फोनला समदी दुपार. शेवटी आपल्याच लोकांसाठी गॅलरीत येऊन ती आरोळी. आत दारं मिटून बसल्याल्यांना आत सांगायचं सोडून गॅलरीत का येतात, ते मला आजून बी कळलं न्हाय.

मग ते कांद्याचं झालं. सरांनी आडत्याला फोन केला, तर तो आडत्याच्या आईनं उचलला. आडत्या मोबाईल घरीच इसरून लिलावाला गेल्याला. सरांनी म्हातारीची खुशाली इचारली, गुडघा इचारला, अन् मग म्हनले, "आई, जरा मशीन बंद करू का?" म्हातारी म्हनली, "करा की बाबा, कशाला इचारता."

सरांनी केलं बंद. अन् नेमकं त्या दिशी मशीन लवकर उटंना.

तिकडं लिलाव ऐन भरात. पावती निगंना. गाड्या लायनीत, शेतकरी वरडायलेत. तासाभरानं आडत्या जिना हादरवत वर आला.

"कुणाला विचारून बंद केलं?"

"आईंना," सर म्हनले.

"माझ्या आईला? तिला टीव्ही बंद करता येत न्हाय हो!"

"घरातलं थोरलं माणूस. त्यांनी हो म्हटल्यावर मी तुम्हाला कशाला विचारू?"

आडत्या तसाच मालकाच्या खोलीत शिरला. मग मालकानं सरांना लई सुनावलं. त्याच दिशी रेवतीनं जेवताना इषय काढला. ती पुन्याला शिकून आल्याली, पन सरांना ल्हानपनापासनं काका म्हनती.

"काका, आता ही एक चूल पुरे. प्रत्येक प्रोग्रामच्या आतच त्याचा सर्व्हर घालून देऊ. ज्याचं दुरुस्त करायचं तेवढंच बंद. बाकीच्यांना कळणारसुद्धा नाही."

मी इचारलं, "पोटातच चूल? मग पित्त न्हाय व्हायचं?"

रेवती हसली. सर हसले न्हाईत. "हौदु, खरंय, मावशी बरोबर बोलतात. दहा पोटात दहा चुली. सरपण किती लागंल? मेमरी कोण देणार? उद्या चुलीत खोट निघाली तर एकदा नीट करायची का दहादा?"

"लागू दे की थोडी जास्त मेमरी. एकामुळं दहा तर अडणार नाहीत."

"पण देखरेख एका ठिकाणी राहते!"

"देखरेख तुमचीच राहणार आहे, काका. तुम्हाला कोण काढतंय?"

मला सर म्हनले की सरांचं पटायचं, रेवती म्हनली की रेवतीचं. मी आपली दोगांना बी भाकरी वाढली. पन एक गोष्ट ध्येनात आली. नोकरी जात न्हाय म्हनल्यावर मानसाचं तोंड उजळतं. सरांचं आनीकच उतरलं. त्या दिशी साकु म्हनले अन् खरंच घेतली न्हाय.

म्हैनाभर भांडले. फळ्यावर चौकोन काढले, खोडले. आडत्या म्हनला, मी दुसरीकडं जातो. तवा मालकानं सांगून टाकलं, चुली पोटातच घालायच्या. अन् गंमत बगा, ते काम सरांनीच केलं. दुसऱ्या कुनाला हात लावू दिला न्हाय. एकेक परोग्राम त्या एका चुलीवरनं उतरवला, त्याच्या पोटात त्याचा सर्व्हर घातला, अन् चालू करून दिला. लेकी नांदायला धाडाव्या तसं.

समदं झ्याक चालाय लागलं. टावेलवाल्याचं दुरुस्त व्हायचं, कांदेवाल्याला पत्ता बी न्हाय. आरोळी बंद, फोन बंद. भजीवाला मला इचारतो, "मावशी, सर गेले का काय?" म्हनलं, "हाईत की वर."

एक दिस सर उगंच टावेल कारखान्यात जाऊन आले. मॅनेजर घाबरला म्हनं. "काय बिघडलं का सर?" सर म्हनले, "नाही, सहज." तो म्हनला, "बसा मग, च्या घ्या," अन् गेला आपल्या कामाला. सर च्या पिऊन माघारी आले. माझ्या उंबऱ्यात बसून मला हे सांगितलं, अन् म्हनले, "चांगलं चाललंय, मावशी. रेवतीचं बरोबर होतं." मला वाटलं आता चूल, मेमरी कायतरी सांगतील. कायबी सांगितलं न्हाय.

आमचे हे गेल्यावर मी मोडनिंबहून लेकरं घिऊन हितं आले, अन् टावेलच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भराय लागले. तवा एका मोटारीवर वरनं लांब दांडा फिरायचा अन् पट्ट्यांनी समदे माग त्याच्यावर. मोठा पट्टा तुटला की सगळं थंड. मालक बोंबलायचा. आमी बाया तेवढ्यात बोलून घ्यायचो. माझं धाकटं लेकरू गेलं, ते शेजारच्या बाईला मी तवाच सांगितलं, पट्टा जोडूस्तवर. येरवी त्या खडखडाटात कुनाला काय ऐकू यायचं? फुडं परत्येक मागाला आपली आपली मोटार बसली. बंद पडायचं ऱ्हायलं. कापड वाढलं. चांगलंच झालं, वाईट कोन म्हनंल. पन मग त्या बाईचं पुढं काय झालं, मला ठावं न्हाय.

सरांचं सर्व्हर मला आजून कळलं न्हाय. बाकीचं कळलं.

सर उंबऱ्यात बसून गेले त्याच्या दुसऱ्या दिशी मी समद्या भाकऱ्या करून, रचून, वर फडकं टाकून बसले व्हते, तर माझा फोन वाजला.

"हॅलो, बिराजदार बोलतोय. माडीवरनं."

मी वर बगितलं. गॅलरीच्या गजातनं सरांचे पाय दिसत व्हते. वाकून हाळी दिली असती तरी मला ऐकू आली असती.

"बोला सर."

"काही नाही. भाकरी झाली का, विचारायला केला."

मी फडक्याकडं बगितलं. म्हनलं, "न्हाय ओ सर, आजून लई येळ हाय. तुमी बोला की तवर."